सत्तारभाऊंची एकतीस घरं

रेवा आणि अर्णव,

रेवा, परवा तू फोनवर चिडली होतीस. नव्या घराचा ताबा आठ दिवस लांबला, कारण तपासायला आलेल्या माणसाला तळघरात विजेचा एक डबा उघडा दिसला. "आजी, एवढासा प्लास्टिकचा तुकडा गं, आणि त्यासाठी आठ दिवस!" असं तू म्हणालीस आणि मी गप्प झाले. तुला वाटलं फोन कट झाला. फोन चालू होता. मला सत्तारभाऊ आठवले, आणि ते आठवले की मला लगेच बोलायला होत नाही. म्हणून लिहिते आहे. दोघांनी वाचा.

त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. जन्म कुठला, शाळा कितवीपर्यंत, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. दोन हिवाळ्यांपूर्वी नागपूरला मुलीच्या घरी वारले. मला माहीत आहे ते एवढंच, की भद्रावतीत सत्तारभाऊ नावाचे एक वायरमन होते आणि कुणाच्याही घरात शिरल्यावर ते आधी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून बघायचे.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते कूलर बसवायला. तुमचे आजोबा फॅक्टरीतून निवृत्त झाले होते, कॉलनीतलं क्वार्टर सोडून आम्ही गावात घर बांधलं होतं, आणि मी शाळेतून यायचे तोवर घर तापून भट्टी झालेलं असायचं. ठेंगणे, आखूड पांढऱ्या दाढीचे, शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात तसा टेस्टर लावलेला, आणि डावा हात पाठीमागे. "सलाम बाई" म्हणाले. मी पाणी आणायला आत गेले. परत येते तो हे गृहस्थ कूलर सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी, कॅलेंडर वर धरून मागे डोकावतायत.

"हे काय होय बाई?"

"कॅलेंडर आहे."

"कॅलेंडर तं मले दिसते. मागं काय हाये?"

मी सांगितलं, तिथे एक जादा बोर्ड येणार होता, तो राहिला. डबा रिकामाच आहे. वाईट दिसतं म्हणून कॅलेंडर लावलं.

"रिकामा?" त्यांनी कॅलेंडर उतरवून ठेवलं आणि टेस्टर आत घातला. टेस्टरात लाल ठिपका उजळला. "पाहा तुमचा रिकामा डबा. नागोबा बसला हाये यात. तुमी इंग्रजी शिकवता ना बाई पोट्ट्यांले? अन् नागोबाच्या तोंडावर तारीख-वार लटकवता?"

आजोबा खुर्चीत बसून हसत होते. सत्तारभाऊ त्यांच्याकडे वळले. "साहेब, तुमी तं हसूच नका. फॅक्टरीत होते म्हनता."

त्या दिवशी कूलर राहिला. आधी झाकण लागलं. त्यांच्या कातडी पिशवीत पाना, पेचकस म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेप यांच्याबरोबर कोऱ्या पांढऱ्या प्लेटा असायच्या, जिथे बटण नाही न् सॉकेट नाही अशा डब्यावर लावायच्या. बटाटे विकणाऱ्याच्या टोपलीत बटाटे असावेत तशा असायच्या.

तुम्हाला आपल्याकडची भिंत आठवत नसेल. घर बांधताना डबे भिंतीत पुरतात, तारा ओढतात, काही डब्यांवर बोर्ड लागतात आणि एखाददुसरा डबा 'पुढे बघू' म्हणून राहून जातो. आत तारांचे जोड असतात, त्यांत वीज असते. तोंड उघडं. मग नव्या वर्षाचं कॅलेंडर येतं, किराणावाल्याचं, नाहीतर खतवाल्याचं. त्याला वर-खाली पत्र्याची पट्टी असते. ते कॅलेंडर बरोबर त्या भोकावर जातं. भोकाच्या वर खिळा ठोकायला प्लॅस्टर मऊ असतं म्हणूनही असेल. मी शिकलेली बाई, मीही तेच केलं होतं.

सत्तारभाऊंच्या सवयी चमत्कारिक होत्या. डावा हात कायम पाठीशी. एकाच हाताने काम करायचं, दुसरा कशाला टेकवायचा नाही, म्हणजे करंट लागलाच तर छातीतून आरपार जात नाही, ही जुन्या वायरमनची शिस्त. पण त्यांच्या अंगात ती इतकी मुरली होती की चहा पितानाही डावा हात पाठीशी, बशी गुडघ्यावर. आणि कुठल्याही वस्तूला पहिला हात लावायचा तो उलटा, हाताच्या पाठीनं. तळहाताने धरलेल्या वस्तूत करंट असला तर मूठ आवळते, सुटत नाही. उलट्या हाताला लागला तर हात फेकला जातो. तुमची आई माहेरी आली असताना पाया पडली, तर तिच्या डोक्यालाही त्यांनी आधी उलटा हात टेकवला. मग ओशाळले. "आदत हाये बेटा, तुह्यात करंट नाई."

एकदा ते एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आले. घरातल्या वायरिंगचे नियम होते त्यात. कुठल्याशा भंगारात मिळालेलं, पानं वाळवीनं खाल्लेली. "बाई, यातलं झाकणाचं तेवढं वाचून सांगा. लोक म्हनते सत्तार मनानं सांगते." मग काही दिवस संध्याकाळी आमच्या घरापुढच्या ओट्यावर वाचन. मी वाचायची, मराठीत सांगायची, ते मान हलवायचे. प्रत्येक डब्याला झाकण हवं, वापरात असो की नसो. झाकण भिंतीला टेकून बसलेलं हवं, कडेला फट नको. डबा प्लॅस्टरखाली गाडून टाकायचा नाही, उद्या उघडता आला पाहिजे. आणि झाकण बोटाने निघता कामा नये, हत्याराने निघालं पाहिजे.

हे शेवटचं मी वाचलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "पुन्हा वाचा." मी वाचलं. "बोटानं नाई. हत्यारानं." ते खूष झाले. "मंग कॅलेंडर कायनं निघते? बोटानं. म्हनून कॅलेंडर झाकण नाई." त्यानंतर गावभर ते सांगत फिरले, नियमात लिवलं हाये, आमच्या बाईनं वाचलं.

लोक त्यांना 'झाकण' म्हणायचे. तोंडावर. "काय झाकण, कुठी चालला?" ते म्हणायचे, "तुह्या घरी. बंद करून ठेव म्हनलं तोंड."

एका लग्नाचं सांगते. आमच्या शेजारी मुलीचं लग्न निघालं. लग्न म्हटलं की घराला रंग, आणि रंगवाला आला की तो बोर्डावरच्या प्लेटा काढून खिडकीत ठेवतो, भिंत रंगवतो, आणि प्लेटा लावणं त्याचं काम नसतं. लग्नाच्या दिवशी घरातले सहा बोर्ड उघडे, तारा बाहेर, आणि पाहुण्यांची पोरं भिंतीला हात लावत पळतायत. सत्तारभाऊ जेवणाच्या पंगतीला आले होते. बसलेले उठले. यजमान हात जोडून म्हणाले, "भाऊ, आधी जेवा तरी, मंग लावा." तर म्हणाले, "जेवन पचन नाई." नव्या कपड्यांत, अत्तर लावलेलं, हे गृहस्थ भिंतीभिंतीशी उकिडवे बसून प्लेटा लावत होते आणि नवरी मांडवात जायची वाट बघत होती, कारण मेन स्विच बंद होता आणि लाऊडस्पीकरही. भटजी ओरडत होते, मुहूर्त! सत्तारभाऊ आतून ओरडले, "गुरुजी, दोन प्लेटा राह्यल्या!" लोक हसून हसून दमले. मीही हसले. असा हा माणूस. तो कुठे चुकेल असं कुणाला वाटलं नसतं.

पण ते चुकले. एकदाच.

भद्रावतीपासून बसने पाऊण तासावर जंगलाच्या कडेला एक मोठा तलाव आहे. त्याच्या काठी ढिवरांचा मोहल्ला, मासेमारी करणारी, थोडी धानाची शेती करणारी, एरवी मजुरीला जाणारी माणसं. तिथे सरकारी योजनेतून एकतीस घरं एका ओळीत नवीन बांधली गेली. कंत्राटदाराने वायरिंग केलं. मीटर मिळायला परवाना असलेल्या वायरमनची सही लागते, की मी तपासलं, सगळं नियमाप्रमाणे आहे. त्या कागदाला टेस्ट रिपोर्ट म्हणतात. तो भरायला सत्तारभाऊ गेले. चैत्र होता. पत्र्याखाली माणसं भाजत होती. तारा ठीक, अर्थिंग ठीक. पण प्रत्येक घरात दोन डबे, एकावर बोर्ड आणि दुसरा उघडा. एकतीस उघडे डबे. कंत्राटदार म्हणाला, प्लेटा कमी आल्या, आठ दिवसांत लावतो.

"प्लेटा लाव, मंग सही," सत्तारभाऊ म्हणाले आणि पिशवी उचलली.

तेव्हा मोहल्ल्यातल्या बाया आडव्या आल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या. त्यांत रंजना नावाची एक नवी सून होती, सातवा महिना लागलेला, घामाने निथळत होती. ती म्हणाली, "भाऊ, सही करून द्या ना. पंखा तं लागन. झाकणाचं काय, आमी कॅलेंडर लावून घेऊ."

सगळ्या हसल्या. सत्तारभाऊही हसले. आयुष्यभर ज्या गोष्टीवर ते भांडले तीच ही पोरगी इतक्या भोळेपणाने सांगत होती. तिच्या पोटाकडे बघून त्यांनी ओट्यावर बसून एकतीस कागदांवर सह्या केल्या.

हे सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर? काय केलं असतं मी, मला माहीत नाही.

कंत्राटदाराच्या प्लेटा आल्या नाहीत. सत्तारभाऊंनी दोनतीनदा विचारलं, मग तो नदीपलीकडे गडचिरोलीत दुसऱ्या कामाला गेला. त्याच सुमारास सत्तारभाऊंच्या बायकोला दुखणं लागलं. नागपूरच्या खेपा. शेवटी ती वारली. "विसरलो नाई बाई," ते मला म्हणाले. "विसरलो असतो तं बरं होतं. रोज सकाळी आठवे. उद्या जातो म्हनो."

तिसऱ्या पावसाळ्यात, महिन्याच्या एक तारखेला, रंजनाने सकाळी घर पुसलं आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून कॅलेंडरचं पान उलटायला हात वर केला. पत्र्याची पट्टी मागे जोडाला टेकलेली होती.

तिची मुलगी दोन वर्षांची होती. परी नाव. ती आता अंगणवाडीत जाते, चांगली आहे, हे आधीच सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सत्तारभाऊ आमच्या दारात उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. दोन्ही हात खाली लोंबत होते. मी तो डावा हात तसा कधी पाहिला नव्हता.

"बाई, माह्या सहीनं मेली."

चौकशी झाली. कंत्राटदाराने कागद दाखवला, वायरमनची सही आहे, आता माझा काय संबंध. मी सत्तारभाऊंना म्हटलं, प्लेटा देतो म्हणून त्याने शब्द दिला होता, बायांनी गळ घातली होती, तिने स्वतः म्हटलं होतं, हे सगळं लिहून द्या, मी लिहिते, तुम्ही सांगा. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "कागदावर झाकण हाये असं कोनं लिवलं? मी लिवलं. त्यात तिचं नाव काऊन आनता?" जबाबात त्यांनी तीन शब्द दिले. सही माझी आहे. परवाना स्थगित झाला.

त्यांना परवान्याचं दुःख नव्हतं. त्यांना झोप लागत नव्हती ती उरलेल्या घरांनी. तीस घरं, तीस उघडे डबे, आणि अजूनही त्यांवर कॅलेंडरं. ते रोज येऊन माझ्यासमोर हेच बोलायचे. "बाई, आज कोनी पान उलटलं असन. बाई, उद्या एक तारीख हाये." एक तारीख जवळ आली की त्यांचं जेवण तुटायचं. वीज कंपनीत अर्ज दिला, तो कुठल्याशा टेबलावर गेला. दुसऱ्या वायरमनना विनवलं. आज जातो, उद्या जातो. स्वतः गेले तर मोहल्ल्याने दारं लावून घेतली. एका म्हातारीने त्यांच्या अंगावर भांडी घासलेलं पाणी फेकलं. तसेच ओले बसने परत आले आणि माझ्या ओट्यावर बसले.

"तुमी चला ना बाई. तुमचं ऐकतीन."

मी गेले. तिथली पुष्पा माझी जुनी विद्यार्थिनी, कधीकाळी कॉलनीतल्या आत्याकडे राहून शिकलेली, ओळीतल्या नवव्या घरात राहते. मला व्यवस्थितपणाचा रोग आहे, तुम्हाला माहीत आहे. मी वहीत मोहल्ल्याचा नकाशा काढला, एक ते एकतीस, कोण घरी कधी असतं ते लिहिलं. पुष्पाने पहिलं दार उघडलं. सत्तारभाऊ आत आले आणि डब्यापासून दोन हात लांब उभे राहिले.

"लावा ना भाऊ," पुष्पा म्हणाली.

"मी हात नाई लावनार. परवाना नाई मले. तू लाव, मी सांगतो."

मला वाटलं मी ओरडेन. एवढं सगळं झाल्यावर हा माणूस नियम सांगत होता. पण पुष्पा पाटावर चढली. त्यांनी सांगितलं तसा मेन पाडला, टेस्टर लावून बघितला, तारा आत दाबल्या, प्लेट धरली, दोन स्क्रू कसले. मग खाली उतरली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली, कारण रंजना तिची मैत्रीण होती.

त्या दिवशी चार घरं झाली. पाच रविवार आम्ही जात राहिलो. पुढे पुढे बाया स्वतःच एकमेकींकडे जाऊन लावू लागल्या. एक दुसरीला म्हणायची, "माहं झाकण सरळ हाये, तुह्यं वाकडं." कुणी हसलंच तर लगेच गप्प व्हायची. सत्तारभाऊ दाराबाहेरून विचारायचे, "हलते का? फट हाये का?" पाचव्या रविवारी माझ्या वहीत तीस घरांपुढे खूण झाली. एकतिसावं राहिलं, ओळीतलं शेवटचं, तलावाला अगदी लागून.

ते दिवाकरचं घर. रंजनाचा नवरा. पहाटे जाळं घेऊन तलावात जायचा, दुपारी यायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने सत्तारभाऊंच्या हातातली प्लेट घेतली आणि तलावात भिरकावली. दुसऱ्यांदा दार उघडलं नाही. अपघातानंतर त्याची वीज तोडली होती, म्हणून निदान त्या डब्यात तोवर काही नव्हतं. पण दिवाळीच्या तोंडावर ती परत जोडली गेली. जोडणाऱ्याने तारांना काळी टेप गुंडाळली आणि तो गेला. पुष्पाने फोन केला. "बाई, भाऊले सांगा. लाईट आली दिवाकरच्या इथी. अन् परी आता स्टूल ओढून चढते."

मी निरोप सांगितला. त्या वेळी सत्तारभाऊंचे पाय सुजलेले होते, चप्पल चढत नव्हती. मूत्रपिंडं गेली होती. मुलगी त्यांना सोमवारी नागपूरला नेणार होती, पुढचं सगळं तिथेच. आदला दिवस रविवार होता.

"टेप म्हनजे झाकण नाई बाई. दोन उन्हाळ्यात सुटते. लेकरू तं उद्याच ओढन."

आम्ही दुपारच्या बसने गेलो. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या, कंडक्टरने काखेत हात घालून वर घेतलं.

दिवाकर ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने वर बघितलं.

"पुन्हा आला का?"

"आलो."

"तिले घेऊन ये. मंग लाव झाकण."

सत्तारभाऊ प्लेट पुढे करून उभे राहिले.

"सही केली तवा डोळे कुठी होते तुहे? आंधळा होता?"

"नाई. दिसत होतं मले."

"मंग?"

"मंग काई नाई. केली."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "दिवाकर, ऐक, त्या दिवशी तुझ्या—"

"बाई!" सत्तारभाऊंचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मान दोनदा हलवली. नाही. मी तोंड मिटलं. रंजनाने काय म्हटलं होतं ते दिवाकरला माहीत नाही. तुम्ही दोघंही ते कुणाला सांगायचं नाही, मी हे फक्त तुमच्यासाठी लिहिते आहे.

एवढ्यात परी घरातून बाहेर आली. फ्रॉक मागून उघडा, हातात मुरमुरे. तिने आमच्याकडे पाहिलं, सत्तारभाऊंच्या हातातली पांढरी प्लेट पाहिली आणि खेळण्यातली ताटली समजून ओढून घेतली. तिच्यावर दोन मुरमुरे ठेवले. दिवाकर उठला आणि प्लेट तिच्याकडून हिसकावली. पोर रडायला लागली. मला वाटलं, ही पण तलावात जाणार. तो तिच्याकडे बघत राहिला, मग प्लेटकडे, मग दारातून आत दिसणाऱ्या स्टुलाकडे. स्टूल भिंतीशीच होतं.

"स्क्रू?" तो म्हणाला.

सत्तारभाऊंनी खिशातून दोन स्क्रू आणि पेचकस काढून ओट्यावर ठेवले. त्याच्या हातात दिले नाहीत. तो ते उचलून आत गेला आणि दार लोटून घेतलं. पोर माझ्या कडेवर होती. सत्तारभाऊ खिडकीशी गेले. गजांतून दिवाकरचं फक्त कोपर दिसत होतं.

"पहिले मेन पाड."

आत खट आवाज झाला.

"पंखा थांबला का पाह्य. थांबू दे पुरा. आता टेस्टर पाह्यजे, हा घे, खिडकीत ठेवला. लाल दिसते का? नाई ना? आता तारा आत दाब. मुरगाळू नको. टेप राहू दे. डावा स्क्रू अर्धा घाल, कसू नको. आता उजवा. आता दोनी कस. जास्त जोर नको, प्लेट तडकते."

सत्तारभाऊ भिंतीला धरून उभे होते, तळहात भिंतीला सपाट टेकवून, आणि रिकाम्या घराशी बोलावं तसे बोलत होते. थोड्या वेळाने दार उघडलं.

"झालं. जा आता."

"मेन चढवून एकदा—"

"तू गेल्यावर चढवीन. तुह्या समोर माह्या घरात लाईट लागनार नाई."

सत्तारभाऊ माझ्याकडे वळले. "बाई, तुमी पाह्यता का?"

मी परीला खाली ठेवलं आणि उंबऱ्यातून आत वाकले. प्लेट भिंतीला बसली होती. फट नव्हती. तार बाहेर नव्हती. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग आम्ही निघालो.

बसचा थांबा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आहे. तिथून मोहल्ला समोर पाण्यापलीकडे दिसतो, सगळी ओळ. तिथपर्यंत चालायला आम्हाला बराच वेळ लागला. सूर्य गेला होता. बस आली. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे बघते तो सत्तारभाऊ दगडावर बसलेले.

"तुमी जा बाई. मी मागच्या गाडीनं येतो."

"भाऊ, तुम्हाला धड चालता येत नाही. उद्या नागपूरला जायचं आहे. आणि इथे अंधारात वाघ फिरतो."

"वाघ दिसते तरी. तो मेन चढवीन तवा मी इथी पाह्यजे. काई चुकलं असलं तं आवाज तं येईन."

कंडक्टर घाई करत होता, आणि भाऊ हातानेच मला 'जा, जा' करत होते. मी मागच्या बाकावर बसले, काचेशी. ओळीतली तीस घरं एकेक करून उजळली होती. शेवटचं काळोखं होतं. शेजारच्या उजेडात त्याच्या दारात दिवाकर उभा दिसत होता, पोरीला कडेवर घेऊन, आणि पाण्यावरून थांब्याकडे बघत होता. सत्तारभाऊ जायची तो वाट बघत होता, म्हणजे मग मेन चढवता येईल. आणि सत्तारभाऊ त्या घरात दिवा लागायची वाट बघत दगडावर बसले होते, म्हणजे मग जाता येईल. मला ते तेव्हा कळलं. मी कंडक्टरला हाक मारली, थांबवा म्हणाले, पण बस वळणावरून जंगलात शिरली होती.